1121 क्युबिट म्हणजे 133 च्या आठपट ताकद? नाही

सोलापुरात पालकांच्या ग्रुपवर क्वांटम संगणकाबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘हजारावर क्युबिटची चिप आली. क्युबिट जितके जास्त, तितकी ताकद जास्त. ते एकमेकांना कायम जोडलेले असतात, तीच त्यांची जादू. बँकांची कुलपं आता काही दिवसांत तुटणार. भारतात यातलं काहीच नाही.’ मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझी मुलं हे खरं धरून बसलीत, म्हणून लिहितोय.

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सगळ्यात लहान घटक. आधी आकडा. आयबीएमने डिसेंबर 2023 मध्ये दोन चिप दाखवल्या: 1121 क्युबिटची कॉन्डॉर आणि 133 ची हेरॉन. पुढची यंत्रं उभी राहिली ती हेरॉनवर, कारण तिच्यात चुका कमी होतात.

त्यामागे आहे क्युबिटांमधली जोडणी, आणि इथेच मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॅकार्डच्या मागावर चादर विणताना बघा. ताण्याचे धागे एकमेकांना खेटून असतात, पण नक्षीला हवे तेवढेच वर उचलले जातात. नको तेव्हा एक जरी उचलला गेला, तरी नक्षी बिघडते. कायम जोडलेल्या क्युबिटांचं दुखणं हेच: काम नसतानाही शेजारी शेजाऱ्याला ढोसतो.

यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. दोन क्युबिटांच्या मध्ये तिसरं तसंच सर्किट बसवतात, कपलर. आता देवाणघेवाणीच्या दोन वाटा झाल्या, एक थेट, दुसरी कपलरमधून. कपलरमधला चुंबकीय फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र, बदलून त्याची वारंवारता सरकवत नेली, की एका जागी दोन्ही वाटा एकमेकींना खोडतात. जोडणी शून्य! गेट, म्हणजे दोन क्युबिटांवरची एक क्रिया, चालवायचं असेल तेव्हा तिथून जरा हलवायचं. गूगलच्या 2019 च्या सिकॅमोर चिपवर असं गेट 12 नॅनोसेकंदांत होत असे. हे फुकटात मिळत नाही. 54 क्युबिटांसाठी तिथे 88 कपलर होते, आणि ते सगळे बाहेरून सांभाळायचे. क्युबिट वाढवणं अवघड जातं ते यामुळे.

बँकांचं म्हणाल, तर आरएसए-2048 हे माहिती सुरक्षित ठेवणारं सांकेतिक कुलूप फोडायला 2 कोटी क्युबिट लागतील असा 2019 चा अंदाज होता. 2025 मध्ये तो दहा लाखांच्या आत आला. त्यामुळे काळजी खरी आहे, ‘काही दिवसांत’ मात्र खोटं.

आणि भारतात काहीच नाही? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या 6 क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी 2024 मध्ये पार पडली. तो चालवणारी नियंत्रण यंत्रणा जुळवली डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांनी. मुलांनो, हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे चार तासांवर आहे.