बेट्सी रॉसचं घर टाळू नका

भारतातून आई-बाबा यायचे ठरले की फिलाडेल्फियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘आर्च स्ट्रीटवरचं बेट्सी रॉसचं घर बघू नका. पहिला अमेरिकन झेंडा तिने शिवला ही थाप आहे. तिचा झेंड्यांशी संबंधच नव्हता. घरही तिचं नाही.’

थापेचं आधी बघू. 1776 मध्ये वॉशिंग्टन तिच्या दुकानात आले, सहा टोकांची चांदणी दाखवली आणि तिने कापडाची घडी घालून एकाच कापात पाच टोकांची काढून दिली, ही गोष्ट तिचा नातू विल्यम कॅनबी याने 1870 मध्ये जाहीरपणे मांडली. तेव्हा तिला जाऊन 34 वर्षं झाली होती. त्या काळातला एकही कागद या भेटीला दुजोरा देत नाही. उलट झेंड्याच्या आराखड्याचा मोबदला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सनने 1780 मध्ये अमेरिकन काँग्रेसकडे, म्हणजे तेव्हाच्या संसदेकडे, मागितला होता. तेव्हा गोष्ट सिद्ध झालेली नाही, हे मान्य. पण तिच्या लेकीने, नातीने, भाचीने तिच्या तोंडून ऐकलेलं शपथेवर लिहून दिलं आहे. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तिला थाप म्हणायचं?

‘झेंड्यांशी संबंध नव्हता’ हे मात्र साफ खोटं. 29 मे 1777 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने जहाजांच्या झेंड्यांसाठी एलिझाबेथ (म्हणजे बेट्सी) रॉसला 14 पौंड 12 शिलिंग 2 पेन्स दिल्याची नोंद आहे. राष्ट्रध्वजाचा ठराव त्यानंतर सोळा दिवसांनी झाला. 1810 नंतरही ती सरकारी शस्त्रागारासाठी मोठमोठे झेंडे शिवत होती.

आणि झेंडे हा तिच्या धंद्याचा एक भाग होता. रीतसर उमेदवारी करून ती अपहोल्स्टरी शिकली होती. आपल्याकडच्या गादी कारखान्यासारखं काम: गाद्या, पडदे, खुर्च्यांची गवसणी. ती क्वेकर या ख्रिस्ती पंथातली; पहिला नवरा जॉन रॉस पंथाबाहेरचा, त्याच्याशी लग्न केलं म्हणून पंथाने तिला बाहेर काढलं. चोविसाव्या वर्षी ती विधवा झाली. दुसरा नवरा खलाशी, तो 1782 मध्ये इंग्लंडच्या तुरुंगात वारला. त्याच तुरुंगातून सुटून आलेल्या जॉन क्लेपूलशी तिने तिसरं लग्न केलं. हातातली सुई तिने सुटू दिली नाही, आणि पुढे धंदा मुलीने चालवला. मला वॉशिंग्टनच्या भेटीपेक्षा हे कितीतरी मोठं वाटतं.

राहिलं घर. ते साधारण 1740 चं, आणि ती तिथे भाडेकरू होती असं मानतात. हेच दार की शेजारचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण झेंड्याच्या गोष्टीपायीच लोकांनी 1898 पासून दहा-दहा सेंट वर्गणी देऊन ते वाचवलं, नाहीतर ही अरुंद, जुन्या विटांची वास्तू आज उभी नसती.

आत अपहोल्स्टरीचं दुकान मांडलेलं आहे आणि बेट्सीच्या वेषातली बाई तिथे काम करत बोलते. तिला चांदणीचं सगळेच विचारतात. तुम्ही गादी कशी भरायची ते विचारा.