गेट सहाला बंद होतं म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा, राग नाही.

संध्याकाळी सातच्या पुढे भाजी घेऊन परत आले, तर गेटबाहेर टेम्पो उभा. वर लोखंडी कपाट, गुंडाळलेल्या गाद्या, प्लास्टिकच्या टबात कोंबलेली भांडी. टेम्पोच्या पुढे एक पोरसवदा जोडपं. तिच्या कडेवर वर्षाच्या आतबाहेरचं बाळ, रडून रडून लाल झालेलं. तो वॉचमनकाकांसमोर अक्षरशः हात जोडून उभा. आमच्याच बी विंगमध्ये भाड्याने आलेत. मूव्हर्सवाल्यांनी सकाळी ऐन वेळी हात वर केले, दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार टळली, इथे पोचेपर्यंत सात. आणि आमच्याकडे सामान चढवायची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. काकांचा काही दोष नाही, त्यांना वरून फोन आलाय, आत सोडायचं नाही.

तोवर सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालंच. "नियम म्हणजे नियम." "आज यांना सोडलं तर उद्या सगळेच येतील." (अहो, सगळे म्हणजे कोण? रोज संध्याकाळी कोण संसार घेऊन गेटवर येतं?) आणि मग तो मेसेज, ज्यावर माझी सटकली: "त्यांनी नीट प्लॅनिंग करायला हवं होतं." खाली पटापट अंगठे.

प्लॅनिंग! ज्यांनी गेल्या दहा वर्षांत घर बदललेलं नाही, तेच प्लॅनिंगवर बोलतात, हे मी लिहून देते.

आता माझी गोष्ट. जुन्या मैत्रिणींना पाठ आहे, तरी ऐका.

आम्ही पुण्याच्या एका टोकाच्या धायरीहून दुसऱ्या टोकाच्या मोशीला आलो तो ३१ मे. ह्यांची नोकरी चाकणला, रोजच्या जाण्यायेण्यात माणूस निम्मा झाला होता, म्हणून घर बदललं. महिनाभर आधी गाडी बुक केली होती. कंपनीची वेबसाइट चकचकीत, सामानाची यादी व्हिडिओ कॉलवर दाखवून झाली, टोकन भरलं, "कन्फर्म" असा मेसेज आला. आदल्या रात्री दीडपर्यंत आम्ही खोकी बांधत होतो. पलंग खोललेले, फ्रिज रिकामा करून पुसून दार उघडं ठेवलेला, शेगडी ह्यांच्याबरोबर पुढे गेलेली. ते सकाळीच नव्या घराची किल्ली घ्यायला मोशीला. घरात मी आणि सासूबाई. देव त्यांनी स्टीलच्या डब्यात पंच्यात गुंडाळून घेतले होते आणि तो डबा मांडीवर घेऊन त्या धान्याच्या कोठीवर बसल्या होत्या. खुर्च्या बांधून झाल्या होत्या ना.

आठची वेळ. नऊला फोन केला, "निघालीय मॅडम." दहाला, "नवले पुलावर ट्रॅफिक आहे." अकराला दुसराच माणूस फोनवर. "मॅडम, गाडी ब्रेकडाऊन झालीय. आज नाही जमणार. उद्या संध्याकाळी बघू." बघू! मी म्हटलं, दुसरी पाठवा. म्हणे, आज महिनाअखेर आहे, एकही गाडी मोकळी नाही. मग नंबर स्विच ऑफ.

गाडी बंदबिंद काही पडलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. या लाइनमधल्या एकाने सांगितलं. आपण जिथे बुकिंग करतो त्यातल्या कित्येकांकडे स्वतःचा एक टेम्पो नसतो. म्हणजे लग्नाची पत्रिका छापून तयार, नवरा मुलगा अजून शोधायचाय. आपली ऑर्डर ते कुठल्यातरी गाडीवाल्याला देतात, आणि त्याला आदल्या रात्री लांबचं, दुप्पट भाड्याचं काम मिळालं की आपण वाऱ्यावर. त्यात सगळ्यांची अकरा महिन्यांची अॅग्रीमेंटं महिनाअखेरीला संपतात. तीस-एकतीस तारखेला अख्खं पुणे एकाच वेळी गाडी शोधत असतं. हे त्या कंपनीला माहीत नसतं का? तरी बुकिंग घेत राहायचं आणि मग ज्याचं भाडं कमी त्याला टांग मारायची.

आणि गंमत बघा, मी कॅन्सल केलं असतं तर टोकन गेलं असतं. अटींमध्ये लिहिलंच होतं. त्यांनी कॅन्सल केलं तर काय, याबद्दल त्या अटींत एक ओळ नाही. "सॉरी मॅडम" एवढंच. तेही त्या दुसऱ्या माणसाने म्हटलं.

हो, मान्य आहे, आपणही त्यांच्याशी पाचशे-पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मग शाही सेवेची अपेक्षा ठेवतो. मान्य. पुढे चला.

दुपारी बाराला घरमालक हजर, बरोबर पेंटर. मालक तसे सभ्य, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "वहिनी, अॅग्रीमेंटमध्ये दुप्पट भाड्याचं कलम आहे, माहितीय ना?" माहीत होतं. ज्यांना नाही त्यांनी वाचून ठेवा. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम २४. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर दुप्पट भाडं लागू शकतं. कायदा मालकाच्या बाजूने का आहे ते मला समजतं, लोक घरं बळकावून बसायचे. पण खोकी बांधून, किल्ली हातात घेऊन दारात उभी असलेली बाई घर बळकावत नाहीये, हेही दिसतं की नाही कुणाला?

तर एका बाजूला हे. आणि पलीकडच्या बाजूला सहा वाजता बंद होणारं गेट. मधे आपण, आपली कोठी आणि कोठीवर बसलेल्या सासूबाई.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, की ग्राहक मंच आहे ना. आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, जरूर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा मंच तोच) पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. मेसेज, टोकनची पावती, कॉलचे स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. मी ठेवलं, तक्रारही केली, टोकन परत आलं. पावसाळा संपता संपता. पण ३१ मेच्या दुपारी बाराला १९१५ वरून टेम्पो येत नाही हो.

टेम्पो आला तो खालच्या भाजीवाल्या मावशींमुळे. त्या म्हणाल्या, मार्केट यार्डात माल उतरवून गाड्या रिकाम्या परत जातात, थांब, फोन लावते. तासाभरात मंचरकडचे एक मामा पिकअप घेऊन आले. पहाटे कांदा उतरवला होता, परत जायचंच होतं, मोशी त्यांच्या वाटेवर. परतीचं भाडं मिळालं म्हणून ते खूश, गाडी मिळाली म्हणून मी. हौद्यात घोट्याएवढी कांद्याची सालं. झाडायला वेळ नव्हता. बरोबर हमाल नाही, म्हणून मजूर अड्ड्यावरून दोघांना घेऊन आले. मी जेवायचं विचारलं तर मामा म्हणाले, यार्डात 'कष्टाची भाकर'मध्ये खाऊन निघालोय, तुम्ही आजींना आधी काहीतरी द्या. (हमाल पंचायतीची ती स्वस्त जेवणाची केंद्रं १९७४ पासून चालू आहेत. आपल्यातल्या किती जणांनी तिथे एकदा तरी खाल्लंय? जाऊ दे, तो वेगळा विषय.)

मामांनी गाडी कशी भरली ते मी बघत राहिले. फ्रिज उभाच, केबिनला टेकवून, दोन बाजूंनी गाद्या. "आडवा टाकला की कॉम्प्रेसरची वाट लागते ताई, आणि तिथं गेल्यावर लगेच चालू करू नका." वॉशिंग मशीनचा ड्रम जुन्या चादरींनी ठासला. काचेची भांडी सासूबाईंच्या नऊवारीत. वर ताडपत्री, आणि दोर असा आवळला की हाताने दाबलं तर हलत नव्हता. चकचकीत वेबसाइटवाल्यांचा बबल रॅप घरात तसाच पडून होता, वेगळे पैसे लावून विकलेला.

त्या दिवाळीत गाद्या उन्हात टाकल्या तेव्हासुद्धा शिवणीतून कांद्याचे पापुद्रे निघाले. सासूबाईंनी ते काढून टाकू दिले नाहीत लगेच. हसत बसल्या होत्या हातात घेऊन.

असो. नवले पूल, वाकड, आणि मधेच वळवाचा पाऊस. मोशीला पोचलो तेव्हा सात वाजले होते. आणि गेट बंद. ती सोसायटी वेगळी होती, आताची वेगळी, पण वाक्य तेच: "वेळ ९ ते ६."

हे आवाज चढवणारे नाहीत. दोन तास तिथे उभे होते, एनओसीचा कागद भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरून. सेक्रेटरींना फोन केला, ते म्हणाले, उद्या सकाळी नऊला या. या म्हणजे काय? जायचं कुठे? जुनी किल्ली देऊन टाकलीय, नवी किल्ली हातात आहे, घराचा दिवा खालून दिसतोय आणि मधे एक लोखंडी गेट. मामांना मंचरला रात्रीचा माल भरायचा होता. ते काही बोलले नाहीत, पण दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. शेवटी सामान फुटपाथवर उतरवलं. मामा ताडपत्री तशीच टाकून गेले. म्हणाले, परवा यार्डात येताना घेऊन जाईन.

सासूबाईंना मधुमेह. त्यांना बाथरूमला जायचं होतं. तळमजल्यावरच्या एका बाईंनी, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, गेटच्या आतून विचारलं, "आजींना आत पाठवता का?" वॉचमनने छोटं दार उघडलं. माणूस आत जाऊ शकतो, सामान नाही. नियमात बसतं ते.

नऊ वाजता सेक्रेटरी जेवून खाली आले, फुटपाथवरचा संसार बघितला, आणि दंड भरून घेऊन सोडलं. पैसे भरल्यावर म्हणे लिफ्टचा आवाज कुणाला त्रास देत नाही!

म्हणून आज ते जोडपं बघितल्यावर मला कंपनीचा राग आलाच नाही, खरं सांगते. ती कंपनी लबाड आहे, ते माहीतच आहे, तिच्याकडून अपेक्षा काय ठेवायची? राग आला तो आपला. शिकल्यासवरल्या, गणपतीत एकत्र आरती करणाऱ्या, "एक कुटुंब" म्हणून स्टेटस ठेवणाऱ्या आपल्या लोकांचा. गाडीवाल्याने फसवलं ही त्या पोराची चूक कशी झाली? तो सकाळपासून फसतच चाललाय, आणि शेवटच्या गेटवर आपण त्याला शिस्त शिकवणार!

नियम का केला ते मला समजतं. रात्री अकराला पलंग ओढल्याचे आवाज, लिफ्टच्या पत्र्यावर ओरखडे, कुणीही सामान घेऊन बाहेर पडू नये म्हणून गेटपास. आमच्या वरच्या मजल्यावर रात्री साडेबाराला ड्रिल चाललेलं मीही ऐकलंय, मीही चिडलेय. ठीक आहे. पण नियमाला एक फट ठेवायला काय जातं? ज्याची गाडी ऐन वेळी कॅन्सल झाली, त्याने मेसेज दाखवायचा, आणि त्याला साडेनऊपर्यंत आत घ्यायचं. दंड नाही, उपकार केल्याची भाषा नाही. लिफ्टला जुनी गादी लावायची, झालं. शिवाय हे सगळे नियम फक्त भाडेकरूंनाच का टोचतात, तेही एकदा बघा. इथेच राहणाऱ्या एका फ्लॅटमालकाने स्वतःचा नवा सोफा रात्री आठला आणला तेव्हा वॉचमनकाकांनीच एक बाजू धरली होती. मी नाव घेत नाही. त्यांना कळलंय.

आज काय झालं? मी खाली गेले, भाजीची पिशवी तशीच हातात. बाळाला आणि आईला आमच्याकडे पाठवलं, सासूबाईंनी बाळाला मऊ भात भरवला. मग ग्रुपवर लिहिलं की मी गेटवर उभी आहे आणि टेम्पो आत जाईपर्यंत इथेच आहे. पंधरा मिनिटं सन्नाटा. मग डी विंगमधली दोन कॉलेजची पोरं आली, न सांगता. मग एक काका, जे ग्रुपवर "नियम म्हणजे नियम" लिहिणाऱ्यांतले होते, तेही आले आणि मुकाट्याने कपाटाला हात लावला. त्यांच्यावर मी चिडणार होते, राहून गेलं. साडेआठपर्यंत सामान वर. एकाही घरातून आवाजाची तक्रार नाही.

कमिटीने मात्र हजार रुपये दंड लावलाय, त्यांच्या मालकाच्या मेंटेनन्सच्या बिलात. तो मालक काय स्वतः भरणार आहे? डिपॉझिटमधून कापेल.

तर रविवारी सकाळी अकराला क्लब हाऊसमध्ये मीटिंग आहे. दंड रद्द करावा आणि ऐन वेळी गाडी रद्द झालेल्यांना साडेनऊपर्यंत मुभा द्यावी, असा अर्ज मी बी विंगच्या लिफ्टशेजारी लावलाय. पेन दोऱ्याने बांधलंय. सोसायटीतले जे इथे वाचतायत त्यांनी अंगठे इथे नकोत, सही तिथे करा. आणि ज्या कुणाला तो कागद काढायचाय त्याने काढावा. कोपऱ्यावर झेरॉक्स दोन रुपयाला मिळते.