ब्रॅडलींचं नाव हवं होतं

‘टॉम अँड जेरी’वरचा लेख मनापासून आवडला. या मालिकेचे जनक हॅना-बार्बेरा यांचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे, पण संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांचा उल्लेखही नाही, हे फार खटकलं. या चित्रपटांत संवाद जवळपास नाहीतच, सगळं बोलतो तो ऑर्केस्ट्रा. दबकी पावलं, आपटणं, टॉमचा उडालेला थरकाप, सगळं वाद्यांतून येतं.

‘द कॅट कॉन्चेर्टो’ पुन्हा बघा. १९४६ सालासाठीचं ऑस्कर मिळालेला हा जेमतेम सात-आठ मिनिटांचा लघुपट. कोट घातलेला टॉम ऐटीत संगीतकार फ्रान्झ लिस्टची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही पियानोरचना वाजवतोय आणि पियानोत झोपलेला जेरी जागा होतो. पुढे जेरी पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा ठेवतो. टॉमची बोटं त्याच्या अलीकडे-पलीकडे पडत राहतात, आपण श्वास रोखून बघतो आणि शेवटी बोट सापडतंच! एवढ्या धुमश्चक्रीतही मूळ रचनेचा ओघ तुटत नाही. हाताने एकेक चित्र काढून हे साधलंय, केवढी मेहनत!

पुढचा लेख ब्रॅडलींवर लिहा, ही कळकळीची विनंती. आणि वॉर्नर ब्रदर्सच्या कार्ल स्टॉलिंगना विसरू नका, बग्ज बनीची निम्मी जादू त्यांच्या संगीतात आहे.