तोतया, बतावणी आणि स्वीडिश ‘शेन’

महाराष्ट्रात मराठीचा वाद सध्या शाळा आणि शासन निर्णय यांच्याभोवती फिरतो आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला, २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर ते मागेही घेतले गेले. या गदारोळात एक तक्रार हमखास कानावर येते: आजच्या व्यवहाराला मराठीत शब्दच नाहीत, मग इंग्रजी वापरण्यावाचून इलाज काय? स्वीडनमध्ये राहून ही तक्रार ऐकली की निदान एका व्यवहारापुरती ती तपासून बघावीशी वाटते. तो व्यवहार फसवणुकीचा. या बाबतीत मराठीचं कपाट ओसंडून वाहतंय, आणि तरी व्हिडिओ कॉलवर खोट्या अटकेचा धाक घालून पैसे उकळण्याला आपण सावधगिरीच्या सूचनांत लिहितो ‘डिजिटल अरेस्ट’.

आधी इथलं बघू. नव्याने आलेला माणूस इंग्रजीच्या खांद्यावर बसून स्वीडिशमध्ये शिरतो आणि पहिल्याच पायरीवर घसरतो. इंग्रजीतलं ‘स्कॅम’ ऐकून ‘स्काम’ म्हणजे फसवणूक असेल असं वाटतं, पण स्वीडिश स्काम म्हणजे लाज. ‘चीट’ हा इंग्रजी शब्द परीक्षेलाही चालतो आणि नवराबायकोच्या भानगडीलाही. स्वीडिशमध्ये ही दोन दुकानं वेगळी. परीक्षेतली कॉपी म्हणजे ‘फुस्का’, जोडीदाराशी प्रतारणा म्हणजे ‘बेद्रा’. चेष्टेत कुणी थाप मारली तर ‘दू लूरास’ म्हणायचं, म्हणजे ‘गंमत करतोयस’. त्याऐवजी ‘तू मला बेद्रा करतोयस’ असं म्हटलंत, तर आजूबाजूचे लोक एकदम गप्प होतील.

‘लूरा’ आणि ‘लूरास’ यांत फरक फक्त शेवटच्या ‘स’चा. पहिल्यात कुणीतरी खरोखर गंडतं, दुसऱ्यात नुसती खोडी. तसाच ‘लोत्सास’, म्हणजे खोटंखोटं करणं. मुलांचा खोटाखोटा मित्र, खेळातल्या खोट्या नोटा, सगळीकडे हाच शब्द पुढे जोडतात. पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपण म्हणतो. स्वीडिश मुलांकडे त्या सोंगाला रोजचा शब्द आहे. याच शब्दाचा एक वाक्प्रचार आहे: ‘पाऊस पडतोय असं भासवणं’, म्हणजे घडलेलं आपल्या गावीच नाही असं दाखवणं. आपण यासाठी वेड पांघरून पेडगावला जातो. इथले लोक जागच्या जागीच भागवतात.

‘फुस्का’जवळ मात्र विद्यार्थ्यांनी जरा थांबावं. मुळात हा शब्द कच्च्या, ओबडधोबड कामाचा. कंत्राटदाराने निकृष्ट बांधलेली इमारत म्हणजे ‘फुस्क-बिग्ये’, नकली फर म्हणजे ‘फुस्क-पेल्स’, चिठ्ठी म्हणजे ‘फुस्क-लाप’. विद्यापीठाच्या नियमावलीत मात्र हा बोलीतला शब्द नाही. तिथे ‘परीक्षेत दिशाभूल करण्याचा प्रयत्न’ अशा अर्थाची भाषा आहे. यातल्या ‘प्रयत्न’ या शब्दाकडे आपली मुलं दुर्लक्ष करतात. चिठ्ठी खिशातून बाहेर निघाली नाही, किंवा दुसऱ्याचा परिच्छेद उचलूनही गुण मिळाले नाहीत, तरी प्रकरण शिस्तपालन मंडळापुढे जाऊ शकतं. शिक्षा ताकीद किंवा जास्तीत जास्त सहा महिने निलंबन. निवासाचा परवाना अभ्यासाच्या प्रगतीवर अवलंबून असलेल्या मुलाला ते सहा महिने फार महाग पडतात.

आता ‘शेन’. (शेवटी न आहे, ण नाही. हसून झालं की पुढे जाऊ.) शेन म्हणजे उजेड, चमक, आणि म्हणूनच वरवरचं रूप. ‘शेन-हेलिग’ म्हणजे देवभक्तीचं ढोंग करणारा, ‘शेन-एक्तेन्स्काप’ म्हणजे फक्त परवान्यासाठी केलेलं कागदी लग्न. कुणाला फसवणं म्हणजे त्याला ‘उजेडाच्या मागे नेणं’. आपल्याकडेही हीच गोष्ट शब्दाच्या पोटात दडलेली आहे: आभास, भासवणं हे ‘भास्’ म्हणजे प्रकाशणं या धातूचे. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, तरी दोघींनाही खोटं अंधारात सापडलं नाही, चमकताना सापडलं.

इंग्रजीने मात्र आपल्याकडून नेलेला शब्द बिघडवला. ‘ठग’ गेला तो विश्वास संपादून गळा आवळणारा म्हणून. आज इंग्रजीतला ‘थग’ म्हणजे नुसता गुंड. त्यातली लबाडी गळून पडली, दंडेली उरली. ‘ठकवणं’ आणि ‘ठकास महाठक’ म्हणताना मराठीने ती लबाडी अजून जपली आहे.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक आडवळण. ‘एक्ता’ म्हणजे अस्सल, ‘ऊएक्ता’ म्हणजे नकली. गृहनिर्माण संस्था ‘ऊएक्ता’ असल्याचं जाहिरातीत वाचून अनेकांना वाटतं, संस्थाच बोगस. तसं नाही. संस्थेच्या कामाचा किमान ६० टक्के भाग सभासदांना घरं पुरवण्याचा नसेल (तळमजल्यावर दुकानं, कार्यालयं भाड्याने दिलेली असतील) तर करखातं तिला वेगळ्या रकान्यात टाकतं. फसवणूक कुणाचीच नाही, फक्त घर विकताना नफ्यावर २२ऐवजी २५ टक्के कर बसतो, आणि तो कर पुढे ढकलण्याची सवलत मिळत नाही. शब्द ऐकून पळू नका, संस्थेचा वार्षिक अहवाल वाचा.

आणि आता मूळ मुद्दा. स्वीडिशमध्ये सावधगिरीचे शब्द बहुतेक वेळा कृती सांगतात. ‘फिशिंग’ला, म्हणजे खोट्या संदेशांनी लोकांची गुप्त माहिती काढून घेण्याला, इथे ‘नेत-फिस्के’ म्हणतात: नेत म्हणजे जाळं, तेच इंटरनेटचंही, आणि फिस्के म्हणजे मासेमारी. आजीलाही कळतं की कुणीतरी जाळं टाकून बसलाय. ‘फेक’ त्यांनी इंग्रजीतूनच घेतला, पण स्वतःच्या स्पेलिंगच्या सवयीने लिहिला, त्याला आपले प्रत्यय लावले आणि विषय संपवला. शुद्धीचा सोवळेपणा नाही, आळसही नाही. न मागवलेल्या सेवेचं बिल म्हणजे ‘ब्लुफाक्तूरा’: ब्लुफ म्हणजे थाप, फाक्तूरा म्हणजे बिल. थापेचं बिल.

हे बिल छोट्या व्यावसायिकांना हमखास येतं. एखाद्या निर्देशिकेत नाव छापल्याचे पैसे मागितलेले असतात. लोक दोन चुका करतात. रक्कम लहान म्हणून भरून टाकतात, किंवा कागद कचऱ्यात टाकतात. करायचं ते असं: लगेच लेखी कळवायचं की हे देणं मला मान्य नाही (यासाठी शब्द आहे ‘बेस्त्रीदा’), कारण एका ओळीत द्यायचं, तारीख घालायची, प्रत ठेवायची. तरीही समोरचा सरकारी वसुली कार्यालयात, क्रूनोफोग्देनकडे गेला, तर तिथून येणाऱ्या नोटिशीला साधारण दहा दिवसांत पुन्हा ‘बेस्त्रीदा’ असंच उत्तर द्यायचं. ते कार्यालय खरं-खोटं तपासत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर देणं कबूल धरलं जातं. हरकत घेतलीत तर पैसे मागणाऱ्याला न्यायालयात जावं लागतं. थापेचं बिल पाठवणाऱ्याला तिथे सहसा जायचं नसतं.

‘डिजिटल अरेस्ट’ या नावात अशी कोणतीच कृती नाही. उलट, ते नाव भामट्यांचीच बाजू मांडतं. अटक या शब्दाचा धाक ते वापरतात आणि तोच शब्द आपण सूचनाफलकावर छापतो. वाचणाऱ्याला वाटतं, असा काहीतरी कायदा असणार. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाहीच. प्रत्यक्षात घडतं ते असं: तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडल्याचा फोन येतो, मग गणवेशातला माणूस पडद्यावर येतो, कॉल तोडू नका, घरात कुणाला सांगू नका असं बजावतो, आणि ‘तपासणीसाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात वळवायला लावतो. स्वीडनमध्ये हाच माणूस बँकेतून बोलतो आणि त्या खात्याला ‘सुरक्षित खातं’ म्हणतो. एवढाच फरक.

यातल्या पडद्यावरच्या माणसाला मराठीत शब्द आहे, आणि तो पानिपतइतका जुना आहे. १७६१नंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा जो उभा राहिला आणि १७७६मध्ये ज्याला देहदंड झाला, तो तोतया. ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले’ ही बातमी आपल्या जिल्हा पानांवर वर्षानुवर्षं छापून येते. तोतया आणि बतावणी हे दोन शब्द घेतले की सगळा डाव उघडा पडतो: माणूस खोटा, आणि तो जे करतोय ते नाटक. चोरट्याने हातात मोबाइल घेतला म्हणून तीच बतावणी एकदम ‘डिजिटल’ कशी झाली?

‘चारसोबीस’चीही अशीच गंमत आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम ४२० जाऊन ३१८ आलं. तरी कुणी लबाडाला ‘तीनशे अठरा’ म्हणत नाही, म्हणणारही नाही. लोक आपला शब्द राजपत्र बघून बदलत नाहीत. म्हणूनच फलक लिहिणाऱ्यांनी लोकांच्या तोंडचा शब्द घ्यावा. स्टँडवर, बँकेत, सोसायटीच्या जिन्यात एवढंच लावलं तरी पुरे: ‘व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस तोतया असतो. कॉल तोडा, घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.’