मालकाचे उत्तर: क्लाऊन लोच का दिले नाहीत

नमस्कार. तुम्ही आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानाला एक स्टार देऊन लिहिलंय की टँकमध्ये माजलेल्या गोगलगायी खाणारे मासे मागितले तर आम्ही दहा प्रश्न विचारले, क्लाऊन लोच समोर पोहत असून दिले नाहीत आणि ‘खाणं कमी टाका’ असा फुकटचा सल्ला देऊन परत पाठवलं. अगदी असंच झालं. उद्या दुसऱ्या कुणी २ फुटी टँकसाठी क्लाऊन लोच मागितले तरी असंच होईल.

तुम्ही पाहिलेले लोच बोटाएवढे होते. हाच मासा पुढे फूटभर होतो आणि नीट सांभाळला तर २० वर्षंही जगतो. एकटा ठेवला की कोपऱ्यात दबून बसतो, म्हणून निदान पाच-सहा लागतात. तुमच्या टँकची रुंदीच १ फूट. तो गोगलगायी खातो यात वादच नाही. शंखाच्या तोंडात नाक खुपसून आतलं मांस ओढून काढतो, खाताना होणारी टकटक काचेबाहेरही ऐकू येते आणि सकाळी वाळूवर रिकामे शंख पडलेले असतात. पण तुमच्या नकोशा गोगलगायी कोणत्या आणि तुम्ही हौसेने पाळलेल्या दोन पिवळ्या मिस्ट्री स्नेल कोणत्या, हे त्याला कोण सांगणार? त्या दोघी घरी आहेत हे तुम्ही सातव्या-आठव्या प्रश्नाला सांगितलंत. प्रश्न त्यासाठीच असतात.

‘निदान पी पफर तरी द्यायचे’ असंही लिहिलंय. पफर जेमतेम इंच-सव्वा इंचाचा, तुमच्या टँकमध्ये आरामात मावेल आणि गोगलगायी त्याच्या आवडीच्या. पण तुमच्याकडे सगळे गप्पी. त्यांच्या शेपट्या तो कुरतडल्याशिवाय राहत नाही. शिवाय कोरड्या दाण्यांना तो बहुधा तोंड लावत नाही, जिवंत नाहीतर फ्रोझन खाणं लागतं. गोगलगायी संपवायला पफर नेणारेच काही दिवसांनी त्याच्यासाठी गोगलगायी मागायला येतात, हेही इथे नेहमीचंच.

क्लाऊनऐवजी झेब्रा लोच म्हणाल तर तो लहान राहतो, साडेतीन इंचांच्या आसपास. तोही कळपात राहणारा, आणि मिस्ट्री स्नेलचा धोका तिथेही आहेच.

आता तो फुकटचा सल्ला. तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत वाळूवर उरलेलं खाणं साचलेलं दिसत होतं. गोगलगायी त्याच्यावरच वाढतात. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच टाका. पानांच्या मागे आणि काचेवर जेलीसारखे पारदर्शक ठिपके दिसले तर ती अंडी, बोटाने खरवडून काढा. रात्री दिवा बंद केल्यावर उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती गार करून तळाशी ठेवा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसकट उचला. तांब्याचं औषध मात्र घालू नका. त्यात मिस्ट्री स्नेलही जातील, आणि वाळूत मेलेल्या गोगलगायी कुजून अमोनिया वाढला की गप्पींवर बेतेल.

तीन-चार आठवड्यांनीही गर्दी हटली नाही तर एक गोगलगाय डबीत घालून घेऊन या. शंख लांबट, टोकदार असेल तर ती ट्रम्पेट स्नेल. ती दिवसा वाळूत दडते आणि अंडी न घालता थेट पिल्लं देते, त्यामुळे अंडी खरवडून काही होणार नाही. तिच्यासाठी तळातली घाण सायफनने काढायची आणि काकडीची चकती रोज रात्री ठेवायची.