खटक्यावर बोट

तात्या गेले तेव्हा शेत आधीच वाटलं गेलं होतं, वाडा बिल्डरकडे गेला होता आणि दागिने, आत्याच्या शब्दांत, 'जिकडं जायचे तिकडं' गेले होते. उरला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. वाटणीच्या दिवशी मी उशिरा पोचलो, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. उघडला तर आत तेवीस चाकू.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. चित्रकलेचे मास्तर. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांच्या पेन्सिलींना स्वतःच्या हातानं टोक काढून देत. शार्पनर हे त्यांच्या लेखी आळशी माणसाचं यंत्र. पूर्वी बोरूला टोक काढायच्या चाकूला कलमतराश म्हणत, हा शब्द त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला होता की त्यांचंच नाव आम्ही कलमतराश ठेवलं होतं. जत्रा असो, जुना बाजार असो, तात्या एक चाकू घेऊनच परतत आणि काकू म्हणत, "आली आणखी एक सवत."

डबा महिनाभर माझ्या माळ्यावर सुखात होता. मग बंडूनं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावानं, मोबाइलवर कुठंतरी वाचलं की जुन्या चाकूंना परदेशात लाखाची किंमत येते. दुपारी ही बातमी आत्याकडं पोचली आणि संध्याकाळपर्यंत लाखाचे पंधरा लाख झाले. सकाळी सातला आत्या दारात. "तात्या माझा सख्खा भाऊ. तू काय, पुतण्या." आधी किंमत काढायची आणि मग सात वाटे करायचे, असं ठरलं. किंमत मी काढायची, कारण डबा माझ्याकडं, आणि आत्याच्या मते मला उद्योग नसतो.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. गिऱ्हाइकापुढं माल चकचकीत असावा म्हणून चिंच आणि राख घेऊन न्हाणीत बसलो. वर सायकलवरून येणाऱ्या धारवाल्याला थांबवून चाकावर धारही लावून घेतली. नंतर कळलं की जुन्या पात्यावरची काळपट-निळसर झाक हाच त्याचा दागिना. ती घासली की मोल उतरतं, आणि चाकावर धरलं की पातं झिजून निम्मं होतं. तीन चाकूंची मी अशी सेवा केली. त्या तिघांचा उल्लेख या लेखात पुन्हा येणार नाही.

उरलेले घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, गेलो. ओळखीच्या सराफानं डबा तराजूत ठेवला, डब्याचं वजन वजा केलं आणि विचारलं, "मुठी फोडल्या तर पितळ किती निघंल?" मी डबा मागं ओढला. तेवढ्यात त्यांना एक शिंपल्याच्या मुठीचा नाजूक चाकू दिसला. पात्याच्या बुडाशी पाऊल उचललेला सिंह आणि शेजारी मुकुट. सिंह म्हणजे इंग्रजांची शंभरात साडेब्याण्णव टक्क्यांची चांदी, आणि मुकुट हा १९७५ पर्यंत इंग्लंडातल्या शेफील्ड शहराच्या चांदीवर मारायचा शिक्का. फळातल्या आंबटपणानं पोलाद काळं पडतं, म्हणून साहेब लोक फळं कापायला चांदीचं पातं वापरत. एवढं मी सांगेपर्यंत सराफानं ते कसोटीवर घासलंसुद्धा. "चांदी हाय," ते म्हणाले आणि आजचा भाव सांगितला. सबंध डब्यात पेपरात भाव छापून येतो अशी ही एकच वस्तू. घरात पुढं जे रामायण झालं ते हिच्यावरूनच.

तिथून उद्यमनगरला निघालो आणि बिंदू चौकाच्या अलीकडं नाकाबंदीत सापडलो.

"डब्यात काय?"

"चाकू."

हवालदारांनी आधी गाडीची किल्ली काढून घेतली. "किती?"

"वीस."

"आणि निघालाय कुठं?"

"उद्यमनगरला. किंमत ठरवायला."

इथं 'चुलत्यांची आठवण' असं काहीतरी म्हणायला हवं होतं, हे घरी आल्यावर सुचलं. त्यांनी डबा बॅरिकेडवर ठेवून उघडला. सगळ्यात वर, अर्थातच, लांबडा रामपुरी. त्यांनी तो उचलला, खटका दाबला, आणि पातं असं काही बाहेर आलं की रिक्षावाले दोन पावलं मागं सरले. एक पोरगं ओरडलं, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" गर्दी जमली. मी घाम पुसत त्यांना नियम सांगू लागलो. रात्रभर जागून वाचला होता. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालच्या नियमात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची सोडून. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पट्टी आली. पातं मोजलं. पावणेनऊ. पानपट्टीवाल्यानं पुन्हा मोजलं, त्याचं साडेआठ भरलं.

"पावणेनऊ असू दे न्हाईतर साडेआठ," हवालदार म्हणाले, "हे घेऊन गावातनं फिरू नका. लोक खुळे आहेत." मग डब्यात हात घालून त्यांनी एक साधा, लाकडी मुठीचा चाकू काढला. अंगठ्याच्या नखानं हळूच उघडला, मिटला, परत उघडला. "आमच्या वडलांकडं अस्साच होता. उसाची कांडी सोलून द्यायचे. इकणार असला तर पयलं मला सांगा." त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. किल्ली परत मिळाली, पण माझा नंबर आता पोलिसांकडं होता.

उद्यमनगरातला लेथवाला मिस्त्री मात्र खरा माणूस निघाला. त्यानं चाकू डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहिले. उघडायचा, अर्ध्यावर थांबवायचा, सोडायचा. ज्याची कमानी ताठ तो 'खट्' करून मिटतो. सैल असला तर नुसता 'फुस'. "ह्यो बोलतोय," असं म्हणून एक उजवीकडं ठेवायचा, "ह्यो मुका" म्हणून दुसरा डावीकडं. इंग्रज संग्राहकही याला चाकूची 'चाल आणि बोल' असंच म्हणतात, हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. मग त्यानं एका पिवळट मुठीवर अंगठा खसाखसा घासला आणि तो माझ्या नाकाशी धरला. कापराचा वास! आत्या ज्याला हस्तिदंत समजून स्वप्नं बघत होती ते सेल्युलॉइड होतं. त्यात कापूर असतो. जुनं झालं की ते कुजतं, आम्लाची वाफ सोडतं, आणि स्वतःबरोबर शेजारच्यांचीही पाती गंजवतं. डब्यात त्याच्या आजूबाजूचे चारही चाकू लालेलाल झाले होते. आमच्या एकत्र कुटुंबातही असे एक गृहस्थ होते, त्यामुळं मला समजायला वेळ लागला नाही. हस्तिदंत नव्हतं हे एका परीनं बरंच झालं. त्याची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे, आणि त्या दिवशी मला आणखी एक कायदा पाठ करायची ताकद नव्हती.

रात्री जेवणानंतर भिंग घेऊन शिक्के वाचायला बसलो. चाकूची खरी जन्मपत्रिका मुठीवर नसते, पात्याच्या बुडाशी असते. सगळं घराणं भोवती. पहिला निघाला 'सोलिंगेन'.

"म्हणजे सोलायचा," आत्या म्हणाली.

मी सांगितलं की सोलिंगेन हे जर्मनीतलं गाव, शेकडो वर्षं पातीच घडवतंय, आणि १९३८ पासून तिथं घडलेल्या मालाशिवाय ते नाव मारायला कायद्यानं बंदी आहे. आत्यानं ऐकून घेतलं आणि बंडूला म्हणाली, "लिही, सोलायचा एक."

दुसरा लाल मुठीचा स्विस. ढालीवर क्रूस होता. या कंपनीनं आपल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांसाठीचा चाकू १८९७ साली नोंदवला आणि पुढं संस्थापकाची आई व्हिक्टोरिया हिच्या नावापुढं 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाली. इनॉक्स म्हणजे न गंजणारं पोलाद. हे मी सांगत असताना बंडू भिंगातून पुढची अक्षरं जुळवत होता. "रोस्ट... फ्राय. दादा, मटणाचा दिसतोय!" ते जर्मन 'रोस्टफ्राय' होतं, म्हणजे तेच, न गंजणारं. पण तोवर यादीत 'मटणाचा एक' पडला होता.

मग आले रॉजर्स. दोन. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा शिक्का म्हणजे एक चांदणी आणि एक क्रूस, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये आरच्या पुढं ओ, ओच्या पुढं डी. आमच्या पहिल्या रॉजर्समध्ये डी नव्हता. कुणीतरी मोठ्या नावाचं कुंकू लावून नक्कल केली होती. दुसऱ्यात डी होता, चांदणी होती, क्रूस होता आणि मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर, म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिचं राज्य १९०१ ला संपलं, तेव्हा चाकू त्याच्या आधीचा म्हणायला हरकत नव्हती. घरात शांतता पसरली. नक्कल कुणाच्या वाट्याला जाणार, यावर प्रत्येकाचा हिशोब सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी एका संग्राहकांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. सगळं बघितलं, पण रॉजर्सचा आवाज ऐकवा म्हणाले. मी फोन कानाला धरावा तसा चाकूला धरला आणि पातं सोडलं. खट्!

आणि मी उठून उभा राहिलो. वर्गात तात्यांचा चाकू मिटला की पेन्सिली वाटून झाल्या, आता वह्या तपासणार, असा त्याचा अर्थ होता. बघतो तर समोर बंडूही उभा. तोही त्यांच्याच वर्गात होता.

"परत एकदा," संग्राहक म्हणाले. आम्ही दोघं उभ्यानंच परत एकदा ऐकवलं.

त्यांनी आकडा सांगितला. डी असलेल्या रॉजर्सला बरा, चांदीच्याला भावाप्रमाणे, बाकीच्यांना मिळून एक ठोक रक्कम, आणि चिंच-राखवाल्या तिघांबद्दल ते काही बोलले नाहीत. बंडूनं सातानं भागलं. प्रत्येकी मटणाची चार ताटं, तीही सुक्क्याशिवाय.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "मग चांदीचा मला द्या आणि बाकीचं तुम्ही बघा." यावर काकू उठल्या. चांदीचा त्यांच्या लग्नातला आहे म्हणाल्या, पुण्याची चुलतबहीण फोनवरून रडू लागली, बंडूनं सोलायचा आणि मटणाचा असे दोन मागितले. आवाज इतका चढला की माझा मोबाइल वाजतोय हे कुणालाच कळलं नाही. मी उचलला आणि सवयीनं स्पीकर दाबला.

"नमस्कार. बिंदू चौकातनं हवालदार बोलतोय. त्या चाकूंचं काय ठरलं?"

घरात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. काकूंनी चांदीचा चाकू पदराखाली घेतला. आत्या पुढं सरकली, फोन माझ्या हातातून घेतला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"कसले चाकू साहेब? आमच्या घरात इळीशिवाय काय न्हाई."