आवळलेला पट्टा दर दहा मिनिटांनी सोडायचा? अजिबात नाही!

‘जोराचा रक्तस्राव थांबवण्याचे पाच उपाय’ हा मेसेज मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मी बोलले नाही. पण भाच्याने त्याची प्रिंट काढून वर्कशॉपमध्ये कटिंग मशीनशेजारी चिकटवली. जिथे खरोखर हात कापला जाऊ शकतो तिथेच! आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक ओळ ही: ‘हातापायाला वर पट्टा आवळा, पण दर दहा मिनिटांनी सैल करा, नाहीतर अवयव कापावा लागेल.’ प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत असं शिकवत, हे खरं. पण धमनी तुटलेली असताना पट्टा सोडला की रक्त पुन्हा उसळतं, नुकतीच धरलेली गुठळी वाहून जाते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. ते असं हप्त्याहप्त्याने सांडायचं?

आणि अवयवाची भीती! साधारण दोन तास आवळलेला पट्टा हातपाय सहसा सोसतात. 2006 मध्ये बगदादच्या लष्करी रुग्णालयात टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा हाच पट्टा) लावलेल्या 232 जखमींचा अभ्यास झाला. 2009 मध्ये तो ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त छापून आला. टूर्निकेटमुळे एकाचाही हात किंवा पाय गेला नव्हता. शॉक (रक्त कमी पडून शरीर कोलमडू लागणं) येण्याआधी तो लावलेल्यांपैकी 90 टक्के वाचले, शॉक आल्यावर लावलेल्यांपैकी जेमतेम 10 टक्के.

म्हणून जखमेच्या पाच-सात सेंटीमीटर वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळा. वेळ लिहून ठेवा. जखमी कळवळेल, ‘सोडा’ म्हणेल, कारण ते भयंकर दुखतं. तरी सोडायचं नाही. ते काम डॉक्टरांचं.

‘सुतळीही चालेल’ हेही खोटं. बारीक दोरी मांसात रुतते, वरच्या शिरा दबतात, खालची धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. रुंद पट्टाच हवा.

‘जखम दाबून धरा’ हे मात्र बरोबर, पण चौथ्या नंबरवर का? सुरुवात त्यानेच करायची. कापड ठेवून दोन्ही तळव्यांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार टाकायचा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. जांघेत किंवा काखेत पट्टा बसत नाही. तिथे कापड जखमेत खोलवर कोंबून दाबायचं. छातीत आणि पोटात मात्र काही कोंबू नका.

‘जखमेवर कॉफीची पूड दाबा’ म्हणे! धमनीच्या धारेपुढे ती टिकतच नाही, वर सर्जनला जखम साफ करत बसावं लागतं. रुतलेली वस्तू ‘लगेच उपटा’ म्हणे! बाटलीच्या बुचासारखी तीच रक्त अडवून असते. ती हलू न देता भोवतीने दाबा.

आणि पाणी पाजू नका. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देताना पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यापेक्षा अंगावर पांघरूण घाला. शरीर गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.